पद्मिनीचे गंजलेले पाटे कसे उतरवावेत

मालवणात माझ्या मामांच्या घरामागे, झापांच्या मांडवात, १९८९ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. समुद्र तिथून चालत दहा मिनिटांवर. गेल्या मे महिन्यात ती मागच्या उजव्या अंगाला इतकी खचली होती की खड्ड्यात चाक मडगार्डला घासायचं. पाटा म्हणजे पोलादी पट्ट्या (पानं) एकावर एक रचून केलेली मागची स्प्रिंग. तिचं एक पान मोडलेलं, टोकाच्या बुशाचं (बोल्टभोवतीच्या रबरी अस्तराचं) रबर चिरडून बाहेर आलेलं. मी कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवर काम करतो. गाड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही, पण जाम झालेलं लोखंड रोज हाताखालून जातं. मामांच्या गाडीचे दोन्ही बाजूंचे पाटे, शॅकल (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणारी झुलती कडी), बुश आणि शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) उतरवायला मला साडेतीन दिवस लागले. त्यात प्रत्यक्ष पाना फिरवण्याचा वेळ सहा-सात तासांचा. बाकीचा सगळा वेळ तेल मुरण्यात आणि विचार करण्यात गेला, आणि काम नीट झालं ते त्या वेळामुळेच.

हे लिहून ठेवतोय कारण विचारायला माणसं कमी होत चालली आहेत. फियाट ११०० च्या घडणीवर कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही गाडी. १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी हे नाव मिळालं, २००० च्या आसपास उत्पादन थांबलं, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली. त्या टॅक्सींनी मुंबईत गल्लोगल्ली हात तयार केले होते. ते हात आता दुसऱ्या कामांना लागलेत. घरी पद्मिनी सांभाळणाऱ्याला यापुढे खालचं काम स्वतःच शिकावं लागणार. पाट्यांवर चालणाऱ्या दुसऱ्या जुन्या गाड्यांनाही, ॲम्बेसेडर असो की जीप, यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी एक गोष्ट पक्की करा: काय वाचवायचं आणि काय जाऊ द्यायचं. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. पाट्याचं पुढचं टोक ज्या ब्रॅकेटमध्ये बसतं ते ब्रॅकेट बॉडीला वेल्ड केलेलं असतं. ते वाकलं, फाटलं की गाडीचं मागचं चाक सरळ रेषेत राहत नाही आणि ते बाजारात विकतही मिळत नाही. त्यानंतर किंमत हौसिंगची (मागच्या चाकांच्या आसाच्या कवचाची), मग पाट्याच्या पानांची. बोल्ट, नट, बुश, यू-बोल्ट (पाटा हौसिंगला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट), शॅकलच्या पिना या सगळ्या नव्या मिळतात. म्हणजे जाम सुटत नसेल तेव्हा मार बोल्टने खायचा, ब्रॅकेटने नाही. मामांनी आधी ही गाडी जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली होती. तिथे डाव्या बाजूच्या बोल्टवर गॅस धरून मोठ्या घणाने ठोकलं. बोल्ट जागचा हलला नाही, ब्रॅकेटचा एक कान मात्र आत वाकला. गाडी तशीच परत आली. तो कान सरळ करायला मला अख्खी एक दुपार लागली.

गंज नेमका कुठे धरतो हे समजून घेतलं की निम्मी भीती जाते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. नट आणि आटे यांच्यामध्ये कागदाएवढी फट असते. त्या फटीत गंज फुगला की तोच पाचर होऊन बसतो. म्हणून नुसता जोर लावला की बोल्ट पिळून तुटतो. आधी तो गंज भिजवून, ठोकून, हलवून भुगा करायचा, मग फिरवायचं. कोकणात खारी हवा आणि चार महिने ओल असते, त्यामुळे हे आणखी घट्ट. मामांच्या गाडीखालून तांबडी माती खरवडून काढली तेव्हा ती पाट्याच्या पानांमध्ये विटेसारखी बसली होती. माती ओल धरून ठेवते, म्हणून पहिलं काम घासण्याचं. पाण्याचा जोरदार मारा करून दोन दिवस उन्हात वाळू द्या, मग तारेचा ब्रश.

मी निघण्याच्या आठ दिवस आधी मामांना फोन केला. त्यांना सांगितलं की रोज सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येक नटाच्या बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने घासायचे आणि चार-चार थेंब तेल सोडायचं. मामा म्हणाले, "अरे, पण गाडी तू येतलंस तेवाच खोलूची ना? मग आताच तेल कित्याक?" मी म्हटलं, "मामा, तुम्ही रोज थोडं घालाल ते, मी आल्यावर बाटलीभर ओतलं तरी आत जाणार नाही." त्यांनी आठही दिवस न चुकता घातलं. मी पोचलो तेव्हा नटांच्या कडेने तांबूस तेल बाहेर पाझरलेलं होतं. ते पाझरणं म्हणजे तेल आत पोचल्याची खूण.

तेल कुठलं, हा प्रश्न नेहमी येतो. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं, पण ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे. हलक्या गंजाला पुरतं, वीस वर्षांच्या गंजाला नाही. हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवण्याचं म्हणून वेगळं तेल मिळतं ते घ्या. आमच्याकडे उद्यमनगरात ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांचं पातळ तेल निम्मं-निम्मं मिसळून वापरतात, ते फटीत चांगलं शिरतं. फक्त ॲसिटोन झटक्यात पेटतं, रंग उतरवतं आणि दोन्ही द्रव वेगळे होत राहतात, म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्यायची. डिझेल किंवा रॉकेल काहीच नसेल तर. रबर ठेवायचं असेल तिथे यातलं काहीच सांडू देऊ नका, खनिज तेलाने रबर फुगतं. आमचे बुश टाकूनच द्यायचे होते, त्यामुळे आम्हाला ती चिंता नव्हती.

आता गाडी उचलण्याचं. इथे मी हात जोडून सांगतो, घाई करू नका. पद्मिनीची ओढ मागच्या चाकांना आहे. मागची बाजू उचलली की हँडब्रेकही कामाचा नाही आणि गाडी गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही, कारण दोन्ही शेवटी मागच्याच चाकांना धरतात आणि ती हवेत आहेत. गाडीला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते: पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लावलेल्या लाकडी पाचरा. त्या नीट ठोकून बसवा. जमीन सपाट हवी. मांडवातली जमीन भुसभुशीत होती, म्हणून जॅकखाली आणि घोड्यांखाली (उचललेली गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी तिवयांखाली) दीड इंची सागवानी फळ्यांचे तुकडे घातले. कोकणात घराबाहेर जांभ्याचे चिरे रचलेले असतात आणि उंचीला नेमके जमतात म्हणून गाडीखाली लावायचा मोह होतो. चिरा ठिसूळ असतो, भार आला की सूचना न देता फुटतो. गाडीखाली चिरा, वीट, सिमेंटचा ब्लॉक यातलं काहीही नको. लोखंडी घोड्या भाड्याने आणा, पण आणाच.

घोड्या बॉडीखाली, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या पुढे, जिथे पत्रा दुहेरी आणि शाबूत आहे तिथे. लावण्याआधी तिथे स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत गंजाने पोकळ झालंय, जागा बदला. मग वेगळा ट्रॉली जॅक हौसिंगखाली. हा जॅक शेवटपर्यंत तिथेच राहणार, कारण पाट्यावरचा ताण कमी-जास्त करायचं हेच एक साधन आहे. गाडी घोड्यांवर बसली की बाहेरूनच तिला दोन्ही हातांनी चांगली हलवून बघा. हलायची असेल तर ती तुम्ही खाली नसताना हलू दे. काढलेली चाकं आडवी करून बॉडीखाली सरकवून ठेवली. घोडी निसटलीच तर गाडी चाकावर बसेल.

आणखी दोन नियम. एका वेळी एकच बाजू खोलायची. दोन्ही पाटे सुटले तर हौसिंग गोल फिरतं, प्रोपेलर शाफ्टवर (इंजिनाची ओढ मागे नेणाऱ्या दांड्यावर) आणि ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळतं. आणि पेट्रोलची टाकी मागेच आहे, म्हणून मागच्या शॅकलपाशी ज्योत नाही आणि ग्राइंडरच्या ठिणग्याही नाहीत. टाकी रिकामी केली म्हणून निर्धास्त होऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा लवकर भडकते. मागचं सगळं काम मी हाताच्या करवतीने केलं.

शॉकअपपासून सुरुवात केली. खालचा नट मामांच्या आठ दिवसांच्या तेलाला पहिल्याच दमात सुटला. वरच्या टोकाचा नट फिरायचा पण सोबत दांडाही फिरायचा. अशा वेळी दांड्याला पाइप पान्याने धरा. शॉकअप टाकाऊ असेल तर खरवडलं तरी चालतं. शॉकअपच्या नळीला मात्र ज्योत लावू नका. आत तेल बंद असतं, काहींत दाबाखाली वायू असतो, तापलं की फुटतं.

यू-बोल्टवर फार वेळ घालवू नका. ते एकदा आवळले की ताणले जातात, परत वापरायचेच नसतात. नवे चार यू-बोल्ट हातात आल्याशिवाय मात्र जुन्याला करवत लावू नका. आतली रुंदी, पायाची लांबी, दांड्याची जाडी आणि वरचा भाग गोल की चौकोनी एवढं मोजून न्या. पद्मिनीचा माल मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत चौकशी केली तर निघतो, आणि यू-बोल्ट तर ट्रकचे पाटे बनवणारा कुठलाही वर्कशॉपवाला मापाप्रमाणे वाकवून देतो. आमच्या चार जोड्या नटांपैकी तीन जोड्या पान्याने सुटल्या. त्याची रीत अशी. पाना बारा कोनी नको, सहा कोनी गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा पाना) घ्या, गंजलेल्या नटाचे कोपरे बारा कोनी पान्यात गोल होतात. नटाच्या एका पैलूला जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या पैलूवर दुसऱ्या हातोड्याने खणखणीत तीन-चार ठोके द्या. सगळ्या पैलूंवर असं करा. मग आधी नट आवळण्याच्या दिशेने किंचित दाबा. 'कट्ट' असा आवाज आला की गंजाची पकड मोडली. त्यानंतर सोडवण्याकडे पाव आटा, परत मागे अष्टमांश, थेंबभर तेल, पुन्हा पाव. एका दमात काढायला गेलात तर मधेच भुगा अडकून परत जाम होतो. चौथी जोडी हलली नाही, ती नटाच्या वर करवतीने कापली. बारा मिनिटांचं काम.

यू-बोल्ट सुटले की पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं हौसिंगच्या बैठकीतल्या भोकात अडकलेलं दिसेल. चाक जागेवर राहतं ते या डोक्यामुळे. परत बसवताना ते भोकात बरोबर बसलंय हे बोटाने चाचपून बघायचं, म्हणून आत्ताच भोक साफ करून ठेवा.

मागची शॅकल सोपी गेली. नट सुटले, बाहेरची पट्टी निघाली, पिना सुंब्याने (ठोकून बाहेर काढायच्या लोखंडी दांड्याने) आतून बाहेर ठोकल्या. ठोकताना बोल्टच्या किंवा पिनेच्या टोकावर जुना नट दोन आटे बाहेर राहील असा चढवून त्यावर ठोकायचं, म्हणजे टोक फुलून भोकात अडकत नाही.

मग पुढचा बोल्ट. सगळी खरी लढाई इथेच असते.

पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या गोल वळ्यात) बुश, बुशाच्या मधोमध लोखंडी नळी, नळीतून आडवा बोल्ट, बोल्टच्या दोन्ही बाजूंना ब्रॅकेटचे कान, अशी ती रचना. उजव्या बाजूचा नट थंड असताना हलेना. इथे टाकी लांब आहे म्हणून गॅसचा दिवा वापरला, पण तेलाने भिजलेली जागा आधी कोरड्या फडक्याने पुसून, ब्रेकचा पाइप ओल्या गोणपाटाने झाकून, बाजूला वाळूची बादली आणि मामेभाऊ पाण्याचा पाइप धरून उभा. बॉडीच्या खालचा काळा लेप खरवडून काढा, तो पेटतो. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलं असेल तर ज्योत अजिबात नको, तापल्यावर त्याचा फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो. ज्योत नटावर धरायची, बोल्टवर नाही. नट फुगायला हवा, बोल्ट नाही. मंद लाल झाला की ज्योत बाजूला, आणि लगेच साधी मेणबत्ती आट्यांच्या मुळाशी टेकवायची. मेण वितळून सुर्रकन आत ओढलं जातं. दोन मिनिटं थांबून पाना लावला, नट गरम लोण्यातून निघावा तसा आला. तापवायचं ते फक्त नटापुरतं. पाट्याचं पोलाद पाणी देऊन कडक केलेलं असतं, पानाला लाल केलं की त्याची ताकद गेली, मग ते स्प्रिंग उरत नाही.

नट निघाला म्हणून मी खूश झालो. बोल्टच्या डोक्याला पाना लावला, तर तो छान पाव फेरा फिरला. पाना सोडला आणि बोल्ट हळूच, रबराचा बारीक कुई आवाज करत, जिथून निघाला तिथे परत आला. पुन्हा फिरवला, पुन्हा परत. हे लक्षात ठेवा, कारण इथे माणसं फसतात. बोल्ट फिरतोय असं वाटतं, पण फिरतेय ती बोल्टसकट आतली नळी, आणि रबर तिला पिळून परत आणतंय. बोल्ट आणि नळी गंजून एकजीव झालेत. अशा बोल्टला बाहेरून कितीही ठोका, प्रत्येक ठोका रबर खाऊन टाकतं आणि उरलेला मार ब्रॅकेटच्या कानाला बसतो. त्या गॅरेजमध्ये कान वाकला तो याचमुळे.

जॅक थोडा वर, थोडा खाली करून बघितला. पाट्याचा भार बोल्टवरून पूर्ण निघाला की कधी कधी तो सरकतो. नाही सरकला. डोक्याच्या बाजूने तेल, नटाच्या बाजूने तेल, रात्रभर थांबलो. मामा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "घाय करू नको, तेका येळ दी." सकाळीही तसाच. तेव्हा बोल्ट जाऊ द्यायचं ठरवलं.

कापायचा कुठे? पाट्याचा डोळा आणि ब्रॅकेटचा कान यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना एकेक काप. आतली नळी डोळ्यापेक्षा थोडी लांब असते, तिचं तोंड कानाला टेकतं, त्यामुळे काप नळी आणि बोल्ट या दोन्हींतून जातो. आधी धारदार सुरीने डोळ्याच्या कडेचं रबर कोरून काढा, पात्याला जागा होते. करवतीची चौकट तिथे मावत नाही. नुसतं पातं घ्या, एक टोक जाड फडक्यात गुंडाळून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधा. पातं बाय-मेटलचं, इंचाला चोवीस दात. दात आपल्याकडे ओढताना कापतील असे लावा. ओढताना पातं ताठ राहतं, ढकलताना वाकतं आणि तुटतं. कानाला पातं लागू नये म्हणून कानाच्या आतल्या अंगाला पत्र्याचा तुकडा सरकवला. हळू, लांब ओढी घ्या, दोन-चार मिनिटांनी तेलाचा थेंब. घाईघाईने घासलं तर पात्याचे दात तापून मरतात. मला एका कापाला पाऊण तास लागला आणि दोन्ही कापांना मिळून पाच पाती. डोळ्यांवर चष्मा हवाच, खाली झोपून काम करताना भुगा थेट डोळ्यात येतो.

दुसरा काप संपत आला की थांबा. पाट्याला दोरीने हौसिंगशी बांधा, जॅक हाताशी ठेवा, डोकं आणि बोटं बाजूला. शेवटचा धागा तुटताना पाटा झटक्याने सुटतो. आमचा दोन इंच खाली आला आणि दोरीवर थांबला. ब्रॅकेटमध्ये उरलेले बोल्टचे दोन तुकडे सुंब्याने आतून बाहेर टकटक करत निघाले. कान जसेच्या तसे, भोकं गोल.

डाव्या बाजूला वाकलेल्या कानाने नळीला चिमटा धरला होता, तिथे पातं शिरायला जागाच नव्हती. बाहेरून कानाला भिडून बोल्टचं डोकं छिन्नीने उडवलं आणि दुसऱ्या बाजूने करवत चालवली. पाटा निघाल्यावर कान सरळ करायला लेथवरची युक्ती वापरली. एक जाड स्टड (डोकं नसलेला, आटे पाडलेला दांडा) घेतला, त्यावर दोन नट आणि दोन जाड वॉशर, दोन्ही कानांच्या मध्ये बसवला आणि नट बाहेरच्या दिशेने फिरवत गेलो. कान मिलिमीटर-मिलिमीटर उघडत गेला. हातोड्याने सरळ केला असता तर वेल्डिंगला तडा गेला असता. मध्येमध्ये मापून, नवी नळी सैल न होता सरकते इतपतच उघडला. ब्रश मारून वेल्डची कड भिंगाने पाहिली, तडा नव्हता.

उतरवलेले दोन्ही पाटे, नुसता मोडलेला नव्हे, पाटेवाल्याकडे न्या. मोडकं पान बदलून दोन्हींची कमान सारखी चढवून घ्यावी लागते, नाहीतर गाडी एका अंगाला कललेलीच राहते. डोळ्यातला जुना बुश जाळून काढण्याची सवय आहे, ते करू नका. धूर घाणेरडा असतो आणि डोळ्याचं पोलादही तापतं. बारीक ड्रिलने रबरात गोल भोकं पाडा, आतला तुकडा ठोकून बाहेर येतो. बाहेरची लोखंडी नळी असेल तर तिला आतून एकाच जागी उभी चीर पाडा. चीर नळीच्या जाडीपुरतीच, डोळ्याला ओरखडा गेला तर उद्या तिथूनच पाटा तुटेल. मग सुंब्याने कड आत दुमडली की नळी सैल पडते. नवा बुश ठोकून बसवू नका. लांब स्टड, एका बाजूला बुश मावेल एवढी मोठी गोटी, दुसऱ्या बाजूला जाड वॉशर, आणि नट आवळत ओढून घ्या. रबराला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नाही.

बसवताना बोल्ट डोक्यावर ८.८ (हा ताकदीचा दर्जा) कोरलेलेच घ्या, साधे मऊ बोल्ट इथे चालत नाहीत. बोल्टच्या अंगाला, जिथे तो नळीतून जातो तिथे, तांब्याचं ग्रीस पातळ लावा. पुढच्या माणसाला करवत लागणार नाही. आणि हे विसरू नका: पुढच्या बोल्टचे आणि शॅकलचे नट गाडी हवेत असताना फक्त हातघट्ट ठेवायचे. चाकं लावून, गाडी जमिनीवर उतरवून, मागच्या सीटवर दोन माणसं बसवून-उठवून पाटा आपल्या जागी आला की मगच आवळायचे. हवेत आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत पकडलं जातं आणि गाडी चालू लागली की महिन्याभरात फाटतं. यू-बोल्टही भार आल्यावर, तिरपे-तिरपे, चारही नट थोडे-थोडे करत आवळा.

गाडी सरळ उभी राहिली तेव्हा मामांनी बाहेर येऊन दोन्ही मडगार्डखाली चार बोटं घालून बघितली. दोन्हीकडे सारखी मावली. मग काही न बोलता आत जाऊन त्यांनी सोलकढी आणली.

पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, नवे दांडे ताणून बसतात. गणपतीला मी फोंडा घाट उतरून परत गेलो तेव्हा पाना सोबत नेला होता. आठपैकी सहा नट जागचे हलले नाहीत, उजव्या बाजूचे दोन जेमतेम अष्टमांश फेरा फिरले.